दोन डिस्क एकदम गळाल्या तर?

एक वाचक लिहितात कीं, त्यांच्या घरच्या लिनक्स यंत्रांत चार हार्ड डिस्कांचा 'रेड ५' संच असून त्यांत तीन पिढ्यांचीं छायाचित्रें व आजोबांच्या पोथ्यांच्या प्रती आहेत. एके रात्रीं दोन डिस्क एकाच वेळीं संचाबाहेर पडल्या आणि संच बंद झाला. दोन्ही डिस्क नव्या घ्याव्या काय, असा त्यांचा प्रश्न आहे. उत्तरापूर्वीं एक कळकळीची विनंति : त्या डिस्कांवर तूर्त एक अक्षरहि लिहूं नये.

'रेड'ची कल्पना पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ या बर्कलीच्या विद्वानांनीं १९८८ सालच्या निबंधांत मांडली. गणिताचा ताळा वाचकांस ठाऊक आहेच. 'रेड ५'मध्यें मजकुरासोबत असाच एक ताळा लिहिलेला असतो, म्हणून चारांपैकीं एक डिस्क गेली तरी उरलेल्या तिघींवरून तिचा मजकूर काढतां येतो. दोन खरोखर गेल्या तर मात्र उपाय नाहीं.

पण त्या खरोखर गेल्या आहेत काय? 'डिस्क संचांतून गळली, म्हणून ती बिघडली' या अनुमानांतील हेतु नैयायिकांच्या भाषेंत सव्यभिचार होय. केबल सैल झाली, वीजपुरवठा डळमळला, कंट्रोलर अडखळला, तरीहि लिनक्स डिस्कलाच बाहेर काढतें. शिक्षा निरपराध्यास होते! दोन डिस्क एकाच मिनिटांत मराव्या हा काकतालीय योग. त्यापेक्षां त्या दोघी एकाच कंट्रोलरला किंवा एकाच वीजतारेला जोडलेल्या असण्याचा संभव अधिक. तें प्रथम पाहावें. पाहतांना डिस्कवर छापलेला अनुक्रमांक टिपून ठेवावा. 'एसडीए', 'एसडीबी' हीं नांवें यंत्र पुन्हा सुरू होतांच बदलूं शकतात.

नंतर साक्ष घ्यावी. प्रत्येक डिस्क 'स्मार्ट' नांवाची आपली रोजनिशी ठेवते. तींत ५ व १९७ या क्रमांकांचे आंकडे वाढत असतील, तर पृष्ठभागच झिजला असें समजावें. १९९ वाढत असेल, तर मजकूर वाटेंत बिघडतो आहे, म्हणजे दोष बहुधा केबलचा. केबल बदलल्यावर हा आंकडा शून्यावर येत नाहीं. वाढ थांबली म्हणजे झालें.

आणखी एक कारण पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. घरगुती डिस्क एखादा खराब भाग वाचण्यासाठीं कधीं दोन मिनिटांहूनहि अधिक झटत बसते. लिनक्स सामान्यतः ३० सेकंदच वाट पाहतें आणि दुवा तोडतें. डिस्क मानीत असेल तर तिची खटपट ७ सेकंदांवर आणावी. न मानल्यास लिनक्सची मुदत १८० सेकंद करावी.

आतां संच उभा करण्याविषयीं. 'एमडीअ‍ॅडम'च्या 'एक्झॅमिन' आज्ञेनें प्रत्येक डिस्कवरील 'इव्हेंट'चा आंकडा वाचावा. जिचा आंकडा फार मागें राहिला ती आधींच गळलेली. तिला बाहेरच ठेवावें. जवळजवळ समान आंकड्यांच्या तीन डिस्क घेऊन 'असेंबल' व 'फोर्स' यांनीं संच जोडावा, केवळ वाचनासाठीं उघडावा व सर्व मजकूर अन्यत्र उतरवून घ्यावा. चौथी डिस्क त्यानंतर. तिघींपैकीं एखादीचा १९७ वाढलेला असेल, तर आधीं 'डीडीरेस्क्यू'नें तिची नक्कल नव्या डिस्कवर काढून ती नक्कलच वापरावी.

'क्रिएट' ही आज्ञा मात्र कोणी कितीहि आत्मविश्वासानें सुचविली तरी देऊं नये. ती जुनी संचनोंद पुसून नवी लिहिते. डिस्कांचा क्रम, तुकड्याचें माप किंवा मजकुराचा आरंभबिंदु यांत अल्पहि फरक पडला, तर ताळा नव्यानें लिहिला जाऊन शाबूत मजकुराचीहि माती होते. केबलच्या दोषानें जें गेलें नव्हतें, तें उतावळेपणानें जातें.

आमच्या वाचकांनीं दोन्ही डिस्कांचे १९९ व १९७ हे आंकडे आणि चारहि डिस्कांचे 'इव्हेंट' आम्हांस लिहून पाठवावे. तोंपर्यंत यंत्र बंद ठेवावें.