औषधाचा उडणारा रंग काय सांगतो?

उन्हात वाळत घातलेल्या कापडाचा रंग उडतो. कर्करोगावरील फोटोडायनॅमिक थेरपीतील प्रकाशसंवेदी औषधांचेही असेच होते. औषधाचा रेणू प्रकाश शोषतो आणि ती ऊर्जा पेशीतील ऑक्सिजनला देतो. त्यातून निर्माण होणारा अतिक्रियाशील ‘सिंगलेट ऑक्सिजन’ कर्कपेशींना मारतो. पण तो औषधाच्या रेणूलाही सोडत नाही. या विघटनालाच फोटोब्लीचिंग म्हणतात.

हे विघटन सहसा औषधाचा दोष मानले जाते. माझ्या मते, उपचार नीट चालला आहे की नाही हे सांगणारा तोच एक प्रामाणिक साक्षीदार आहे.

प्रकाशाची मात्रा आपण जूल प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये नोंदवतो. तो आकडा गाठीवर किती प्रकाश पडला ते सांगतो. आत किती सिंगलेट ऑक्सिजन तयार झाला, हे सांगत नाही. दोन रुग्णांना समान १०० जूल दिले, तरी ज्याच्या गाठीला रक्तपुरवठा तोकडा आहे, त्याच्या कर्कपेशी वाचू शकतात.

प्रोटोपॉर्फिरिन-९ हे द्रव्य निळ्या प्रकाशात लाल चमकते. उपचारादरम्यान ही चमक ओसरत गेली, तर अभिक्रिया घडत आहे असे समजावे. प्रकाश चालू असूनही ती टिकून राहिली, तर ऑक्सिजन संपल्याची शंका घ्यावी. अशा वेळी प्रकाश थोडा थांबवला, तर रक्तातून ऑक्सिजन पुन्हा पोहोचू शकतो. ब्रायन विल्सन, मायकेल पॅटरसन आणि लोथार लिल्गे यांनी १९९७ मध्येच अशा अप्रत्यक्ष मात्रामापनाची मांडणी केली होती.

अर्थात, प्रत्येक औषध ऑक्सिजनच्याच मार्गाने विघटित होत नाही. म्हणून प्रत्येक औषधासाठी हा संबंध आधी प्रयोगशाळेत तपासावा लागतो.

भारतात तोंडाचा कर्करोग मोठ्या प्रमाणावर आढळतो. अलीगढ येथे त्याच्या प्रारंभिक अवस्थेतील रुग्णांवर स्वस्त एलईडी स्रोत आणि स्मार्टफोनवर आधारित प्रतिमांकनाच्या साहाय्याने हा उपचार केला गेला आहे. म्हणजे चमक मोजण्यासाठी महागडे यंत्रच हवे, असे नाही.

म्हणून माझा आग्रह इतकाच, की देशातील अशा प्रत्येक चाचणीत जूलच्या आकड्याशेजारी चमकेतील घटही नोंदवली जावी. विद्यार्थी मित्रहो, पुढचा शोधनिबंध वाचताना त्यात तो रकाना आहे का, ते अवश्य पाहा. नसेल, तर का नाही, हे विचारा.