पायलट व्हा, पण घर कुणाचं गहाण?
चेंबूरच्या सिद्धार्थ कॉलनीत आईबाप आम्हाला विचारतात, "पोराला पायलट करायचंय, पन्नास लाख लागतात. गावची जमीन विकू का?" आम्ही उलट विचारतो, क्लास वन मेडिकल झाली का? डोळे, कान, हृदय, एक अडलं तरी सगळं अडतं. ही तपासणी फी भरण्याआधी करा.

दोनशे तासांचं उड्डाण करून कमर्शियल लायसन्स मिळालं, तरी एअरबसचं किंवा बोइंगचं टाइप रेटिंग बाकीच. त्याचे लाखो रुपये वेगळे. एप्रिल २०१९ मध्ये जेट बंद पडली, मे २०२३ मध्ये गो फर्स्ट. अनुभवी कॅप्टन घरी बसले, तिथे नवशिक्याला कोण विचारतो? दोन फ्लॅटवाल्याचा मुलगा वाट बघू शकतो. आपल्या पोराचा हप्ता थांबत नाही.

आणि वर उपदेश, "जोखीम घ्या!" बाबासाहेब १९१३ साली कोलंबियाला गेले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर, घर गहाण टाकून नव्हे.

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या यादीत पायलटचा कोर्स आहे. पण उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख! महापालिकेत कायम झालेला सफाई कामगारही त्यात बसत नाही. ही मर्यादा उठवा, टाइप रेटिंगचा खर्चही त्यात घ्या. तोवर जमिनीचा सातबारा कुणाच्या हाती देऊ नका.

जय भीम.