संरक्षणाचा हिशेब अन् लातूर कनेक्शन

2025-26 चं संरक्षण बजेट 6.81 लाख कोटींचं. त्यात पेन्शनच सुमारे 1.60 लाख कोटी. हे तपासतं कोण? संसदेची संरक्षणविषयक स्थायी समिती: लोकसभेचे 21, राज्यसभेचे 10 खासदार. 1993 मध्ये अशा 17 समित्या सुरू झाल्या, तेव्हा लोकसभाध्यक्ष होते लातूरचे शिवराज पाटील चाकूरकर.

पण समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नाहीत. वेळ संपला की सभागृहात उरलेल्या मागण्या चर्चेविनाच मंजूर होतात.

नांदेड-लातूरची पोरं पहाटे ग्राउंडवर धावतात, अग्निवीर व्हायला. चार वर्षांनी कायम होणार जास्तीत जास्त 25 टक्के. बाकीच्यांना पेन्शन नाही. मग मत मागायला येणाऱ्या खासदाराला विचारा की, संरक्षण खर्चावर संसदेत तुम्ही काय बोललात?