आधी व्याज, मग चष्मे



ऊस जाऊन महिने झाले, बिलाचा पत्ता नाही, हे तुम्हाला कुणी सांगायला नको. कळंब-वाशीपासून उमरग्यापर्यंत प्रत्येक पारावर हीच चर्चा आहे. पण कारखान्याने बिल थकवून वर गावात मांडव घालायचा, 'सीएसआर'चा फलक लावायचा आणि ज्याचं बिल अडकलंय त्याच्याच आईला चष्मा देऊन फोटो काढायचा, हा निर्लज्जपणा आता सहन होत नाही.

हिशेब सोपा आहे. कंपनी कायद्याचं कलम १३५ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. कायद्यात बसणाऱ्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजासाठी खर्चायचे, हाच सीएसआर. नफा ५ कोटी असेल तर १० लाख. आता त्याच कारखान्याने ५ लाख टन गाळप केलं आणि तोडणी-वाहतूक कापून टनाला २,५०० रुपये धरले, तर आपले होतात १२५ कोटी. १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश म्हणतो, १४ दिवसांत पैसे द्या, नाहीतर १५ टक्के व्याज. तीन महिने अडकले तर व्याज झालं ४ कोटी ६८ लाख. एवढं गिळायचं आणि १० लाखांचे चष्मे वाटायचे!

इकडे सोसायटीचं ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तरच बिनव्याजी. बिल नाही म्हणून मुदत चुकते आणि सवलत जाते. कारखाना आपल्या पैशावर फुकट चालतो, व्याज मात्र आपण भरतो. मग वार्षिक अहवालात 'उत्तम आर्थिक कामगिरी' छापून येते. येणारच की!

यावर काही शहाणे म्हणतात, "साखरेला भाव नाही, कारखाना तोट्यात आहे." अहो, सीएसआर नफ्यावरच बसतो. फलक लावलात तेव्हा नफा झाल्याचं तुम्हीच गावभर सांगितलंत.

दुसरे म्हणतात, "निदान काहीतरी देतात ना?" इतर कायद्याने जे करणं भागच आहे, ते सीएसआरमध्ये धरता येत नाही, असं नियमच सांगतो. मग कायद्याचं देणं थकवून केलेल्या वाटपाला दान कसं म्हणायचं? आणि ज्या टोळ्या आपला ऊस तोडतात, त्यांच्या कोपीत साधा दिवा नाही; तिथे फोटोवाले फिरकत नाहीत.

"असं बोलाल तर जिल्ह्यात उद्योग येणार नाहीत," हे तिसरं. २०१८ पासून आपला जिल्हा केंद्राच्या 'आकांक्षित' म्हणजे मागे राहिलेल्या जिल्ह्यांच्या यादीत आहे. आमची पहिली आकांक्षा वेळेवर बिल मिळण्याची आहे.

तेव्हा पुढच्या शिबिराला जरूर जा, चष्मा घ्या. तो आपल्याच पैशाचा आहे. माईक हातात आला की विचारा: किती बिलं १४ दिवसांत दिली, उरलेल्यांवर किती व्याज भरलं? उत्तर लेखी मागा, आणि व्याजाच्या मागणीचा अर्ज साखर आयुक्तांकडे त्याच आठवड्यात पाठवा.