परिचर्येचा भार कोणाच्या माथी?

दुबई आणि शारजा यांच्या सीमेवरील अल नहदात राहणाऱ्या मराठी नोकरदारांना गावाकडील वृद्ध आईवडिलांच्या परिचर्येचा खर्च बहुधा स्वतःच सोसावा लागतो. शासनाचा त्यातील वाटा नगण्य आहे.

महाराष्ट्राच्या श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांवरील वृद्धांना दरमहा १,५०० रुपये मिळतात. मात्र कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे लागते. ७० वर्षांवरील सर्वांना २०२४ पासून आयुष्मान भारतचे वार्षिक पाच लाखांपर्यंतचे संरक्षण लाभले, तेही रुग्णालयातील उपचारांपुरतेच. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस बदलणे, त्याला भरवणे, स्वच्छ ठेवणे यांसाठी दोन्हींत तरतूद नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अधिक आधार लागणाऱ्यांसाठी परिचारक भत्त्याचा उल्लेख आहे. केरळ ‘आश्वासकिरणम्’ योजनेतून घरी शुश्रूषा करणाऱ्यास दरमहा ६०० रुपये देऊ लागले. रक्कम तुटपुंजी, पण शुश्रूषा हे श्रम आहेत, ही मान्यता तीत आहे. जर्मनीत १९९५ पासून अनिवार्य विम्यातून घरच्या परिचर्येसाठी पैसे मिळतात.

परदेशस्थ मुलाला सेविकेचे वेतन कदाचित परवडेल. तिचे प्रशिक्षण आणि सचोटी मात्र दुरून पारखता येत नाही. शासनाने या क्षेत्रात पैसा घातला, तर त्यासोबत प्रशिक्षण, नोंदणी आणि देखरेखीच्या अटी घालता येतील. २००७ च्या कायद्याने आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलांवर टाकली. ती पार पाडता येईल अशी व्यवस्था उभारणे हे शासनाचे कर्तव्य ठरते.