स्तोत्र ८८ आपण कधी वाचणार?

रविवारच्या उपासनेचा क्रम ठरवताना दुःखाला एकच जागा दिली जाते, मध्यस्थीच्या प्रार्थनेत. आजाऱ्यांची नावं वाचली जातात, शोकात असलेल्या कुटुंबांसाठी सांत्वन मागितलं जातं, दोन-तीन मिनिटांत ते आटोपतं आणि पुढच्या गीताचा सूर लागतो. पहिल्या स्तुतिगीतापासून शेवटच्या आशीर्वादापर्यंत बाकीची सगळी उपासना ज्याचं बरं चाललंय अशा माणसासाठी बेतलेली असते. पुण्यातल्या आणि नगर जिल्ह्यातल्या ज्या मराठी मंडळ्यांशी माझा संबंध आला, त्या सगळ्यांत मी हेच पाहिलं आहे. ही आखणी चुकीची आहे, आणि ती पवित्र शास्त्राच्या विरोधात जाणारी आहे, असं माझं म्हणणं आहे.

मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो आणि रविवारी मंडळीत पडद्यावर गीतांचे शब्द दाखवतो. त्यामुळे गीतांची यादी शनिवारी रात्रीच माझ्याकडे येते. कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळं ७ ऑक्टोबर २०२१ रोजी उघडली. त्यानंतरचा पहिला रविवार होता १० ऑक्टोबर. मधल्या काळात लोकांनी आपली माणसं वीस जणांच्या मर्यादेत पुरली होती. काहींना तर शेवटचा चेहराही पाहता आला नव्हता. आणि आमच्या मंडळीने त्या रविवारी काय ठेवलं? उपकारस्तुतीची उपासना. सहा गीतं, सहाही आनंदाची. गेलेल्यांची नावं वाचावीत असं एका वडीलधाऱ्यांनी सुचवलं, तेव्हा त्यांना उत्तर मिळालं की आजचा दिवस आनंदाचा आहे, वातावरण जड करायला नको.

वातावरण जड होण्याची भीती बाळगणाऱ्यांनी एकदा स्तोत्रसंहिता उघडून बघावी. १५० स्तोत्रांपैकी एक तृतीयांशाहून अधिक स्तोत्रं विलापाची, म्हणजे सरळ तक्रारीची आहेत. तेराव्या स्तोत्राच्या पहिल्या दोनच वचनांत ‘कुठवर’ हा प्रश्न चार वेळा येतो. ८८ व्या स्तोत्राचा शेवट तर चक्क अंधारात होतो. तिथे सुटका नाही, पहाट नाही, शेवटी घाईने जोडलेलं उपकारस्मरण नाही. रात्रंदिवस हाक मारून उत्तर न मिळालेला माणूस देवालाच जबाबदार धरतो आणि स्तोत्र संपतं. आणि या स्तोत्राच्या मथळ्यात ते मुख्य गवयाकडे सोपवल्याची नोंद आहे. म्हणजे हे कुणाच्या खासगी वहीतलं दुःख नव्हतं. उपासना चालवणाऱ्याच्या हातात दिलेलं, सगळ्यांनी मिळून गायचं गीत होतं. या ग्रंथाचं हिब्रू नाव तेहिल्लीम, म्हणजे ‘स्तुती’. ज्यांनी तो संकलित केला, त्यांना देवापुढे केलेली तक्रारही स्तुतीच वाटत होती. आपण मात्र त्यातली सोयीची पानं ठेवली आणि बाकीची गवयाच्या हातातून काढून घेतली.

यावर हमखास आक्षेप येतो, की तक्रार म्हणजे अविश्वास. मग बेथानीत काय घडलं ते पाहू. लाजर मेल्यावर मार्था येशूला म्हणते की तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. थोड्या वेळाने मरियाही तेच म्हणते. ही तक्रारच आहे, तीही तोंडावर केलेली. येशू दोघींपैकी एकीलाही त्याबद्दल दटावत नाही. लाजराला आपण उठवणार आहोत हे ठाऊक असतानाही तो कबरेच्या वाटेवर रडतो. शेवट चांगला आहे हे ज्याला नक्की माहीत होतं तो रडला, आणि ज्यांना काहीच माहीत नाही ते आपण लोकांना रडू नका म्हणून सांगतो.

ईयोबाचंही तेच. त्याचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ गप्प बसले, तोवर ठीक होतं. मग त्यांनी तोंड उघडलं आणि देवाची बाजू मांडायला सुरुवात केली. ग्रंथाच्या अखेरीस देव संतापतो तो या मित्रांवर. माझ्याविषयी ईयोब जसं योग्य बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत, असा त्याचा ठपका आहे. देवाशी वाद घालणारा निर्दोष ठरला आणि देवाची वकिली करणारे दोषी. आपले सांत्वनाचे संदेश ऐकताना मला अनेकदा हे मित्र आठवतात. अंत्यविधीत रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातलं २८ वं वचन, सगळं मिळून कल्याणच होतं हे सांगणारं, जवळजवळ ठरलेलं असतं. त्याच्या दोनच वचनं आधी पौल म्हणतो की प्रार्थना कशी करावी हे आपल्याला कळत नाही आणि आत्मा स्वतः कण्हत आपल्यासाठी मध्यस्थी करतो. २६ व्या वचनातलं कण्हणं गाळून थेट २८ व्या वचनावर उडी मारायची परवानगी आपल्याला कुणी दिली?

साक्षीचा प्रकारही तपासून पाहा. साक्ष द्यायला उभं राहण्याची आपल्याकडे एक अलिखित अट आहे, संकट संपलेलं पाहिजे. ऑपरेशन यशस्वी झालं, नोकरी लागली, व्हिसा आला. ज्यांचं माणूस ऑपरेशनच्या टेबलावरून परत आलं नाही, त्यांनी कसली साक्ष द्यायची? आमच्या मंडळीतल्या एका काकूंचा कमावता मुलगा गेला. आधी त्या मागच्या बाकावर बसू लागल्या, मग साक्षींच्या वेळी उठून बाहेर जाऊ लागल्या, मग यायच्याच थांबल्या. भेटीला गेलेल्या मंडळींनी त्यांना विश्वासात दृढ व्हायला सांगितलं. खरं तर त्यांचा विश्वास शाबूत होता. देव आहे आणि त्याने हे होऊ दिलं, असं त्या मानत होत्या, म्हणून तर त्यांचं देवाशी भांडण होतं. हे भांडण घेऊन बसायला आमच्या दीड तासाच्या उपासनेत पाच मिनिटं नव्हती.

वास्तविक देवाशी भांडण मराठी माणसाला कुणी शिकवायला नको. जनाबाई विठोबाला शिव्या घालते. दुष्काळात घर उद्ध्वस्त झालेले तुकोबा त्याला जाब विचारतात, देणेकऱ्याला धरावं तसं धरतात. त्याच तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं नारायण वामन टिळक सांगत. टिळकांची भजनं आपण पेटी-टाळांवर आजही गातो. पण त्या पुलावरून आपण चाल आणली, गोडवा आणला. हक्काने भांडण्याची रीत मात्र पलीकडेच राहिली. पंडिता रमाबाईंच्या बाबतीतही तसंच. त्यांच्या नावाने संदेश होतात ते केडगावच्या मुक्ती मिशनचे. दुष्काळात गेलेले आई, वडील आणि बहीण, नंतर भाऊ, १८८२ मध्ये पती, १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा, या मृत्यूंवर संदेश थांबत नाही. ते विजयाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे दगड म्हणून मोजले जातात.

तक्रारीला बंदी घातली की आणखी एक गोष्ट साधते. अमेरिकन अभ्यासक वॉल्टर ब्रुगमान यांनी १९८६ मध्ये एका लेखात दाखवलं होतं की विलाप गमावलेली मंडळी न्यायाचे प्रश्न विचारणंही गमावते. देवापुढे ‘का’ म्हणता येत नसेल तर माणसांपुढे कसं म्हणणार? मराठी ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग दलित आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ठरलेल्या अनुसूचित जातींत १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध घेतले गेले, ख्रिस्ती दलित आजही बाहेर आहेत. हा प्रश्न मी मोर्चात ऐकला आहे. उपासनेतल्या प्रार्थनेत एकदाही ऐकलेला नाही. सोसण्यालाच विश्वास म्हणायची सवय लागलेली माणसं प्रश्न विचारत नाहीत, आणि हे मंडळीतल्या आणि मंडळीबाहेरच्या सत्ताधाऱ्यांना सोयीचंच असतं.

नवे लोक कंटाळतील, तरुण पळतील, ही भीतीही खरी नाही. माझ्या वयाची जी मुलं मंडळी सोडून गेली, त्यांतला एकही जण उपासना फार दुःखी आहे म्हणून गेलेला मला माहीत नाही. ते गेले, कारण आतलं बोलणं बाहेरच्या जगण्याला लागू पडत नव्हतं.

त्यामुळे उपासना आखणाऱ्यांकडे माझ्या साध्या मागण्या आहेत. प्रत्येक रविवारी स्तुतीनंतर एक विलापाचं स्तोत्र सगळ्यांनी मिळून, आळीपाळीने वाचावं, कुणी गेल्यावर तेवढ्यापुरतं नव्हे. त्यानंतर दोन मिनिटं शांतता असावी, पेटीसुद्धा वाजू नये. ज्यांचं संकट संपलेलं नाही त्यांनाही साक्षीला बोलवावं, आणि त्यांच्या बोलण्याला व्यासपीठावरून कुणी समारोप जोडू नये. वर्षातून एकदा, गेलेल्या सगळ्यांची नावं वाचावीत. २०२१ ची राहिलेली नावंही त्यात घ्यावीत. आणि स्तोत्र ८८ वाचाल तेव्हा त्याच्या शेवटच्या शब्दावर थांबा. लगेच पुढचं गीत सुरू करू नका. पडद्यावर मी काही दाखवणार नाही.