पाण्यात बंद पडलेली गाडी : पुन्हा किल्ली फिरवू नका!

पावसाळा आला की गॅरेजवाल्यांकडे एकाच तऱ्हेच्या गाड्यांची रांग लागते. वरून पाहिले तर गाडी धडधाकट, रंगाला ओरखडासुद्धा नाही. पण बॉनेटखाली इंजिनाचा पार खुळखुळा झालेला. मालकाची हकिगतही ठरलेली असते. "रस्त्यावर थोडे पाणी होते. मधेच गाडी बंद पडली. दोन-तीनदा स्टार्टर मारला, खट्ट असा आवाज झाला, आणि मग काहीच होईना." या हकिगतीतले खरे नुकसान कोणत्या वाक्यात आहे, हे ओळखता आले तर हजारो रुपये वाचतात. ते 'गाडी बंद पडली' या वाक्यात नाही. ते 'दोन-तीनदा स्टार्टर मारला' या वाक्यात आहे.

इंजिनात नेमके काय होते?

इंजिन पेट्रोल-डिझेलबरोबर हवाही खाते. सिलिंडरमध्ये ओढलेली हवा पिस्टन दाबतो. पेट्रोल गाडीत ती साधारण दहाव्या हिश्श्याइतक्या जागेत दाबली जाते, डिझेल गाडीत त्याहूनही कमी जागेत. हवा दाबली जाते, पाणी मात्र दाबले जात नाही. हवा ओढणाऱ्या नळकांड्यातून हवेऐवजी पाणी आत गेले, की वर येणारा पिस्टन त्या पाण्यावर आदळतो. पाणी हटत नाही, म्हणून पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. कधी तो तुटून इंजिनाच्या भिंतीतून बाहेरही येतो. डिझेल इंजिनात दाब जास्त, त्यामुळे तडाखाही मोठा.

गाडी हळू चालत असताना पाणी आत गेले, तर पुष्कळदा इंजिन नुसतेच बंद पडते आणि आतले भाग शाबूत असतात. अशा वेळी जाणकार मेकॅनिक स्पार्क प्लग काढून पाणी बाहेर काढतो, ऑइल आणि एअर फिल्टर बदलतो, आणि गाडी मार्गी लागते. पण आपण घाईने स्टार्टर मारला, तर जे वाचले होते तेही मोडते. मग इंजिन उघडण्याचा खर्च लाखाच्या घरातही जाऊ शकतो.

म्हणून घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला हा एक नियम पाठ असू द्या : पाण्यात बंद पडलेली गाडी पाण्यात पुन्हा सुरू करायची नाही. इग्निशन बंद करा, गाडी न्यूट्रलमध्ये घ्या आणि चार माणसांच्या मदतीने ढकलून उंच जागी न्या. बटण दाबून सुरू होणाऱ्या गाडीलाही हाच नियम.

पाण्यात शिरण्यापूर्वी

पहिला सल्ला साधा आहे. शिरू नका. अर्धा तास थांबलात किंवा लांबचा रस्ता घेतलात, तर बिघडत काही नाही. फुटपाथची कड पाण्याखाली दिसेनाशी झाली, की लहान गाडीसाठी पाणी जास्त आहे असे समजावे. पाणी वाहते असेल, तर फूटभर पाण्यातही लहान गाडी तरंगून सरकू लागते. म्हणून पुलावरून पाणी वाहत असताना 'समोरची बस गेली, मग आपणही जाऊ' हा हिशेब करू नये. बसचे वजन आणि आपल्या गाडीचे वजन यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. रेल्वेखालच्या भुयारी रस्त्यात तर पाण्याची खोली बाहेरून कळतच नाही.

साचलेल्या, उथळ पाण्यातून जाणे भागच असेल, तर पुढील गोष्टी पाळाव्यात :

• पहिला गिअर टाका आणि पलीकडे पोहोचेपर्यंत बदलू नका. अ‍ॅक्सिलरेटर एकसारखा ठेवा. जोरात गेलात, तर बॉनेटपुढे लाट उठते आणि तेच पाणी नळकांड्यात शिरते.

• एसी बंद ठेवा. एसीबरोबर रेडिएटरचा पंखा फिरतो आणि पाणी इंजिनावर उडवतो.

• समोरून ट्रक किंवा बस येत असेल, तर तिला जाऊ द्या. तिच्या लाटेने अनेक गाड्या बंद पडतात.

• पाण्याबाहेर आल्यावर लगेच वेग घेऊ नका. ओले ब्रेक नीट धरत नाहीत. मागे वाहन नाही असे पाहून, हळू जात ब्रेक चार-पाच वेळा हलके दाबा, म्हणजे ते सुकतात.

आपल्या गाडीत हवा ओढणारे नळकांडे कुठे आहे, हे पुढच्या सर्व्हिसिंगच्या वेळी मेकॅनिकला दाखवायला सांगा. पाणी किती चढले की धोका, हे त्यावरून स्वतःलाच कळते.

गाडीपेक्षा जीव मोठा

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी काही माणसे बंद गाड्यांमध्ये अडकून गुदमरून मरण पावली. काचा वर, दारे लॉक, बाहेर पाऊस. 'गाडीत आपण सुरक्षित आहोत' असे वाटणे स्वाभाविक होते. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईत पूर आला, आणि २०२३ च्या डिसेंबरात तिथेच मिचौंग चक्रीवादळाच्या पावसात गाड्या काड्यापेट्यांसारख्या वाहून गेल्या. शहर कोणतेही असो, ही वेळ कोणावरही येऊ शकते.

पाणी दाराच्या खालच्या कडेपर्यंत आले आणि गाडी हलत नसेल, तर गाडीचा मोह सोडा. सर्वांत आधी काचा खाली करा, कारण पाणी विजेच्या तारांपर्यंत पोहोचले की काचा आणि सेंट्रल लॉक दोन्ही अडकू शकतात. मग सीटबेल्ट सोडा, मुलांना आधी बाहेर काढा आणि उंच जागी जा. बाहेर पाणी चढले की त्याच्या दाबाने दार उघडत नाही, तेव्हा खिडकी हीच वाट. काच फोडावी लागलीच, तर बाजूच्या खिडकीची फोडा, तीही मधे नव्हे, कोपऱ्यात टोकदार वस्तूने मारून. समोरची काच दोन थरांमध्ये पापुद्रा घालून केलेली असते, ती तडकते पण सुटत नाही. काच फोडायची छोटी हातोडी फार महाग नसते. ती डिकीत नव्हे, हाताशी ठेवा.

आणखी एक. सायलेन्सर पाण्याखाली किंवा चिखलात असताना, काचा बंद करून इंजिन आणि एसी चालू ठेवून बसू नये. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू गाडीत शिरला, तर त्याला ना वास, ना रंग. झोप आल्यासारखे वाटते आणि माणूस उठत नाही.

पाणी ओसरल्यावर

रात्रभर पार्किंगमध्ये पाण्यात उभी राहिलेली गाडी सकाळी 'बघू तरी चालू होते का' म्हणून सुरू करू नये. बॅटरीची ऋण तार आधी काढावी. ऑइलची पट्टी ओढून पाहावी. ऑइल दुधाळ, कॉफीच्या रंगाचे दिसले, तर पाणी आत गेले आहे. एअर फिल्टर ओला असला, तरी तोच अर्थ. गाडी गॅरेजपर्यंत नेताना चालत्या चाकांवर ओढण्यापेक्षा, पूर्ण गाडी वर घेणारा ट्रक मागवावा. ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीला तर तो आवश्यकच समजा.

इलेक्ट्रिक गाडीत हवा ओढणारे इंजिन नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकण्याची भीती नाही. तिची बॅटरीही पाण्यापासून बंदिस्त केलेली असते. पण याचा अर्थ ती होडी आहे असा नव्हे. पाण्यात बुडून निघालेली इलेक्ट्रिक गाडी कंपनीच्या माणसाने तपासल्याशिवाय चार्जिंगला लावू नका, आणि नारिंगी रंगाच्या जाड तारांना हात लावू नका.

आतले गालिचे आणि त्याखालचा फोम काढून उन्हात कडकडीत वाळवावा. तो ओला राहिला, तर कुबट वास तर येतोच, शिवाय पत्रा आतून गंजतो आणि खालून जाणारी वायरिंग सडते. ती बिघडल्याचे कळते मात्र सहा महिन्यांनी.

विम्याचा कागद आजच काढून पाहा

केवळ थर्ड पार्टी विमा असेल, तर पुराच्या नुकसानीचा एक रुपयाही मिळत नाही. सर्वसमावेशक पॉलिसीत पुराचे नुकसान धरलेले असते, पण तिथेही एक मेख आहे. पाणी शिरल्यानंतर स्टार्टर मारल्याने इंजिन मोडले, तर ते 'पुराने झालेले' नव्हे, 'नंतर ओढवून घेतलेले' नुकसान मानून दावा नाकारला जाऊ शकतो. यासाठी 'इंजिन प्रोटेक्ट' हे जादा संरक्षण मिळते. ते साधारणपणे पॉलिसी घेताना किंवा नूतनीकरणाच्या वेळीच घेता येते, गाडीच्या वयाचीही अट असते. सखल भागात राहणाऱ्यांनी आणि तळघरात गाडी ठेवणाऱ्यांनी हा खर्च वाचवू नये.

दावा करायची वेळ आलीच, तर क्रम असा ठेवा : पाण्याची खूण दिसेल असे गाडीचे फोटो काढा, विमा कंपनीला कळवा, तिच्या सर्व्हेअरने पाहिल्याशिवाय गॅरेजमध्ये इंजिन उघडू देऊ नका. घाईने उघडलेल्या इंजिनाचा पुरावा मागून देता येत नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर वायपरचे रबर, टायरची खोबण (मोटारीसाठी ती किमान १.६ मिलिमीटर असावी, असा नियम आहे), बॅटरीची टर्मिनल्स आणि ब्रेक एकदा तपासून घ्या. आणि विम्याचा कागद ठेवता त्याच कप्प्यात एक चिठ्ठी ठेवा : 'पाण्यात बंद पडली, तर पुन्हा सुरू करू नये.' गाडी घरातल्या चौघांपैकी कोणीही नेवो, अडचणीच्या वेळी ती चिठ्ठी समोर असली म्हणजे झाले.